निकॉर २००-५०० : मुंबईच्या खाडीकाठच्या पक्ष्यांसाठी भरवशाची लेन्स

मुंबईत राहून चिखलात चरणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांचे फोटो काढायचे असतील, तर निकॉनची एएफ-एस निकॉर २००-५०० एमएम एफ/५.६ ही लेन्स माझ्या मते आजही पैशाचे पुरेपूर मोल देते. ती २०१५ साली बाजारात आली. त्यानंतर आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांचे दिवस आले, २०२३ मध्ये निकॉननेच आपल्या झेड या मिररलेस कॅमेऱ्यांसाठी १८०-६०० ही नवी लेन्स काढली, आणि तरीही थंडीतल्या एखाद्या रविवारी सकाळी भांडुपच्या उदंचन केंद्राजवळच्या (पंपिंग स्टेशनजवळच्या) रस्त्यावर किंवा ऐरोलीच्या बोटीवर ही जाडजूड काळी लेन्स कोणा ना कोणाच्या गळ्यात दिसतेच. ठाणे खाडी, शिवडी, नेरूळ आणि सुट्टीत अलिबागजवळचे आक्षी या ठिकाणी फ्लेमिंगो, गॉडविट, कर्ल्यू, शेकाट्या, तुतवार, चिखल्या आणि बगळे यांच्यावर ती दीर्घकाळ वापरल्यानंतर तिच्याविषयी जे मत बनले, ते येथे मांडत आहे. माझ्याकडे ती मुख्यतः निकॉनच्या डी५०० या डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर असते.

सर्वांत आधी ५०० एमएम म्हणजे प्रत्यक्षात किती, हे स्पष्ट करणे आवश्यक वाटते, कारण नवी लेन्स घेणाऱ्याच्या अपेक्षा येथेच चुकतात. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५०० एमएमला वीस मीटर अंतरावरची चौकट साधारण १.४ मीटर रुंद असते, तर डी५०० सारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद भरते. कर्ल्यू हा पन्नास-साठ सेंटिमीटर लांबीचा पक्षी असल्यामुळे तो या अंतरावर चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापतो आणि त्याच्या पाठीवरची पिसे एकेक मोजता येतात. तेच लिटल स्टिंट हा जेमतेम चिमणीएवढा पक्षी त्याच अंतरावर चौकटीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात मावतो, आणि मागचा-पुढचा चिखलच अधिक दिसतो. फ्लेमिंगोंची गोष्ट निराळी आहे. मोठा रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो) उभा राहिला की सव्वा ते दीड मीटर उंच भरतो, त्यामुळे साठ मीटरवरूनही त्याचा फोटो समाधानकारक येतो, आणि थवा जवळ असेल तर २०० एमएमही जास्त होते. झूम लेन्सचा खरा उपयोग येथे कळतो. समोर पाचशे फ्लेमिंगोंची ओळ असते, तिच्यात मधोमध एखादे राखाडी पिल्लू मोठ्यांच्या पायांत घोटाळत असते, आणि दोन्ही चित्रे एकाच जागी उभे राहून घेता येतात. बोटीवर किंवा तिवरांच्या मधल्या अरुंद बांधावर पुढे-मागे सरकायला जागाच नसते, तेव्हा ही सोय फार मोठी ठरते.

चित्राच्या स्पष्टतेविषयी मला तक्रार नाही. ५०० एमएमला एफ/५.६ वर, म्हणजे पूर्ण उघड्या छिद्रावर, मिळणारा तपशील ए-थ्री आकाराच्या छपाईला पुरून उरतो, आणि एफ/७.१ किंवा एफ/८ केल्यास पिसांच्या कडा आणखी थोड्या धारदार होतात. मात्र सवयीने एफ/८ वर राहण्याचे कारण स्पष्टतेपेक्षा वेगळे आहे. पंधरा मीटरवर एफ/५.६ ला लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम वीतभर खोलीच नेमकी स्पष्ट येते. गॉडविटची चोच लांब, मान पुढे काढलेली आणि शरीर तिरके असते; डोळ्यावर फोकस असला तरी चोचीचे टोक आणि शेपूट या वीतभर मर्यादेबाहेर जातात. उजेड चांगला असेल तर एफ/८ ठेवावे आणि पक्षी आडवा होण्याची वाट पाहावी, हा माझा नेहमीचा क्रम आहे. पूर्ण झूममध्ये छिद्र एफ/५.६ वर कायम राहते, ही गोष्ट कागदावर किरकोळ दिसते. परंतु सूर्य नुकताच वर आलेला असताना आणि तुतवारांचे पाय क्षणभरही स्थिर नसताना एफ/६.३ आणि एफ/५.६ यांतला तो एक तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) शटरचा वेग राखायला उपयोगी पडतो. पक्षी चरत असेल तर १/१००० सेकंद आणि उडत असेल तर १/२००० किंवा १/३००० सेकंद, यापेक्षा कमी वेगावर मी समाधानी नसतो.

या लेन्सचे कंपनरोधक यंत्र साडेचार स्टॉपपर्यंत मदत करते असे निकॉन सांगते. जमिनीवर याची परीक्षा करण्याचे प्रसंग कमी, कारण शटरचा वेग मुळातच जास्त असतो. खाडीतल्या बोटीवर मात्र हे यंत्र आपली किंमत वसूल करून देते. बोट इंजिन बंद करून पाण्यावर हलकेच तरंगत असते, पाच-सहा माणसे एकाच बाजूला झुकलेली असतात, आणि कॅमेऱ्याच्या दर्शकातून (व्ह्यूफाइंडरमधून) पाहताना ५०० एमएमला दिसणारा फ्लेमिंगो वरखाली, डावीउजवीकडे सतत झुलत राहतो. बटण ‘नॉर्मल’वर ठेवले की दर्शकातले चित्र शांत होते, पण सलग फोटो घेताना चौकट किंचित उडी मारते, असे मला जाणवते. ‘स्पोर्ट’वर ठेवले तर चित्र थोडे हलते, पण उडणाऱ्या पक्ष्यामागे लेन्स फिरवताना ती हातात अडखळत नाही. म्हणून बोटीवर मी ‘स्पोर्ट’च वापरतो आणि काठावर बसून चरणाऱ्या पक्ष्याचा फोटो घेताना ‘नॉर्मल’. बोटीवर ट्रायपॉड किंवा मोनोपॉड नेण्याचा आग्रह धरू नये. इंजिन चालू असताना बोटीच्या फळ्यांची थरथर पायांवाटे थेट लेन्सपर्यंत चढते, आणि इंजिन बंद असताना त्यांची गरज उरत नाही. कोपर गुडघ्यावर टेकून बसणे हाच उत्तम आधार आहे.

एवढे सगळे असले तरी, मुंबईत या लेन्सचे यश तिच्या काचेपेक्षा भरती-ओहोटीच्या वेळेवर अधिक अवलंबून असते, आणि ज्यांना केवळ अधिक लांब लेन्स घेतली की पक्षी जवळ येतील असे वाटते, त्यांना हे आवर्जून सांगावेसे वाटते. ओहोटी पूर्ण लागली की खाडीतला चिखलपट्टा दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेकडेने आत निघून जातात. ६०० किंवा ८०० एमएमनेही तेथे ठिपकेच मिळतात. भरती चढू लागली की तीच कड काठाकडे सरकते आणि पक्षी तिच्या पुढे-पुढे चालत आपल्याजवळ येतात. पाणी पूर्ण भरले की चरणे थांबते आणि थवे उडून विसाव्याच्या जागी जातात. फ्लेमिंगो अशा वेळी नेरूळच्या बाजूच्या पाणथळींत उतरतात. त्यामुळे पूर्ण भरतीआधीचे दोन तास आणि पाणी उतरू लागल्यानंतरचे दोन तास, एवढाच काळ खऱ्या कामाचा असतो.

ही वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत अजूनही उत्तम चालते : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे सुमारे नऊ वाजता भरती, पंचमीला पावणेचार. नेमकी वेळ छापील तक्त्यावरून ताडून घ्यावी आणि ठाणे खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे उशिरा चढते हे लक्षात ठेवावे. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी फारसे चढत नाही, त्यामुळे पक्षी दूरच राहतात. उधाणाच्या जवळचे दिवस अधिक चांगले. याला उजेडाची दिशा जोडली की जागा आपोआप ठरते. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे, म्हणून सकाळी पश्चिमेकडे पाहताना सूर्य पाठीशी असतो; तेथे द्वादशी-त्रयोदशीची सकाळ साधावी. शिवडीचा धक्का पश्चिम काठावर असल्यामुळे सकाळी तेथे डोळ्यांवर ऊन येते आणि पक्ष्यांच्या काळ्या आकृत्या मिळतात. चतुर्थी-पंचमीची दुपार तेथे योग्य, कारण भरती तीन-चारच्या सुमारास येते आणि ऊन पाठीमागून पडते. शिवडीत धक्क्यापर्यंत जाता येते की नाही हे आधी विचारून घ्यावे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू तेथूनच निघतो आणि आता जवळपास प्रत्येक रुंद चौकटीत त्याचे खांब येतात. मला ते खटकत नाहीत, उलट गुलाबी थव्यामागे काँक्रीटची ती लांब रेघ हे आजच्या मुंबईचे खरे चित्र आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या बोटींच्या वेळाही भरतीवर ठरतात, म्हणून सुट्टीचा दिवस आधी ठरवून मग बोट शोधण्याऐवजी बोटीची वेळ पाहून रजा टाकावी.

दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. सकाळी साडेनऊ-दहानंतर ओल्या आणि सुकत चाललेल्या चिखलावर वेगवेगळ्या तापमानाच्या हवेचे थर तयार होतात, त्यांतून प्रकाश वाकडातिकडा येतो आणि दूरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. पाहणाऱ्याला वाटते की लेन्स मऊ आहे किंवा फोकस चुकतो आहे. लेन्स निर्दोष असते. हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, एकाच पक्ष्याचे सलग दहा फोटो घेतले तर त्यांतले दोन बऱ्यापैकी स्पष्ट आणि बाकीचे प्रत्येक वेगळ्या पद्धतीने विस्कटलेले निघतात. यावर कोणतेही उपकरण नाही. अंतर कमी करता आले तर करावे, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीने पक्षी पाहावेत. याच कारणाने या लेन्सला तिचा आवाका वाढवणारा १.४ पट कन्व्हर्टर लावण्याची शिफारस मी करत नाही. त्याने ७०० एमएम एफ/८ मिळते, डीएसएलआरचा ऑटोफोकस मधल्या थोड्या बिंदूंपुरता उरतो, आणि वाढते ती मुख्यतः थरथर.

मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. वातानुकूलित गाडीतून उतरून खाडीच्या दमट हवेत लेन्स काढली की पुढच्या काचेवर क्षणात धुके साचते. ते पुसण्यात अर्थ नसतो, कारण लगेच पुन्हा साचते. बॅग बंदच ठेवून ती पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या हवेत असू द्यावी, किंवा गाडीत शेवटचा टप्पा खिडक्या उघड्या ठेवून यावे. साध्या, वातानुकूलित नसलेल्या लोकलने येणाऱ्याला हा त्रास होत नाही.

वजनाचे काय, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. ट्रायपॉडच्या कड्यासह लेन्स सुमारे २,३०० ग्रॅमची आहे, कडे काढल्यास सुमारे २,०९० ग्रॅम. डी५०० चे ८६० ग्रॅम मिळवले की तीन किलोंच्या वर जाते. पहिला तासभर हे जाणवत नाही. दुसऱ्या तासात डावे मनगट बोलू लागते. उडत्या थव्यामागे लेन्स उचलून धरणे आणि पुन्हा खाली घेणे हे सकाळभर करावे लागते, त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर मिळणारा गळ्यातला पट्टा बाजूला ठेवून खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा घ्यावा आणि तो लेन्सच्या पायाला, म्हणजे ट्रायपॉडच्या कड्याखालच्या पट्टीला, अडकवावा. हा पाय बाजारात सर्रास मिळणाऱ्या, ट्रायपॉडवरच्या अर्का पद्धतीच्या बैठकीत थेट बसत नाही, त्याला वेगळी पट्टी जोडावी लागते. एवढ्या विचारपूर्वक केलेल्या लेन्समध्ये ही सोय असायला हवी होती. झूमचे कडेही बरेच फिरवावे लागते. २०० वरून ५०० वर एका हातवळणात जाता येत नाही, मधे पकड बदलावी लागते, आणि त्या अर्ध्या क्षणात पक्षी चौकटीबाहेर जाऊ शकतो. उपाय एवढाच की थवा उठेल असे वाटताच आधीच ३०० च्या आसपास येऊन थांबावे. झूम करताना लेन्स पुढे लांब होते, त्यामुळे तोलही बदलतो. नव्या १८०-६०० मध्ये ही लांबी बदलत नाही. हातातला तो फरक खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

ऑटोफोकस वेगवान आहे, अतिवेगवान नाही. चालणारे, चरणारे, सरळ रेषेत उडणारे पक्षी तो सहज पकडतो. पाण्यावर अचानक सूर मारणाऱ्या सुरयांच्या मागे तो कधी कधी मागे पडतो. लेन्सवर फोकसची मर्यादा सहा मीटरपासून अनंतापर्यंत ठेवणारे बटण आहे, ते खाडीवर कायम चालू ठेवावे, म्हणजे फोकस हुकला तरी लेन्स अगदी जवळपर्यंत शोधत बसत नाही. उजेड मोजण्याच्या बाबतीत मात्र कॅमेऱ्यावर विसंबून राहू नये. करड्या चिखलावर पांढरा शुभ्र बगळा उभा असेल तर यंत्र चिखलाकडे पाहून उजेड वाढवते आणि बगळ्याची पिसे जळून एकसंध पांढरी होतात. म्हणून बगळ्यांसाठी आणि दुपारच्या उन्हातल्या फ्लेमिंगोंसाठी मी दोन-तृतीयांश ते एक स्टॉप उजेड कमी करतो. काळपट समुद्री बगळ्याला हे उलटे करावे लागते. फ्लेमिंगोंच्या पंखांतला तो शेंदरी-काळा पट्टा उडतानाच पूर्ण दिसतो, आणि त्या रंगाचे मूळ त्यांच्या अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांत आहे. पांढरा भाग जळला की त्यालगतचा गुलाबी रंगही फिका पडतो, ही गोष्ट संगणकावर नंतर दुरुस्त होत नाही.

या लेन्सने काय दाखवले, याचे एकच उदाहरण देतो. ऐरोलीच्या बाजूला बोट तिवरांच्या सावलीत थांबलेली असताना एका कर्ल्यूने चिखलातून खेकडा उपसला. उघड्या डोळ्यांना एवढेच दिसले की पक्षी मान हलवतो आहे. सलग घेतलेल्या फोटोंत पुढचे सगळे उतरले. त्याने खेकड्याला एका पायाने चोचीत धरून जोरात झटकले, तो पाय तुटून खेकडा खाली पडला, त्याने पुन्हा दुसरा पाय धरला, पुन्हा झटकले. उरलेले धड त्याने शेजारच्या डबक्यात नेऊन बुडवले, चिखल धुतला आणि डोके मागे टाकून गिळले. एका चौकटीत तुटलेला पाय हवेत आहे आणि त्याच्या टोकाशी चिखलाचे चार थेंब ओळीने उडालेले आहेत. एफ/७.१, १/२००० सेकंदाच्या आसपासचा वेग, अंतर पंचवीस मीटरच्या आत. एवढ्या तपशिलासाठी याहून महागड्या लेन्सची गरज मला भासली नाही. गॉडविटच्या बाबतीतही असेच घडते. चिखलातून बाहेर काढताना त्याच्या लांब चोचीचे फक्त टोक वरच्या बाजूला किंचित वाकून उघडते आणि बाकीची चोच मिटलेलीच राहते. दुर्बिणीतून हे निसटते, फोटोत ते स्थिर होते.

पक्ष्यांच्या पायांकडेही पाहावे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, जी मुंबईत १८८३ पासून आहे, स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी आणि रंगीत पट्ट्या घालते, आणि इतर देशांतले अभ्यासकही घालतात. पक्षी वीस मीटरच्या आत असेल तर ५०० एमएमच्या फोटोत पट्टीवरची अक्षरे वाचता येतात. असा फोटो मिळाला तर तारीख आणि जागेसह तो संस्थेला अवश्य कळवावा. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. येथे पट्टीवरून वाचलेला प्रत्येक क्रमांक या खाडीच्या नोंदीत भर घालतो.

अंतर कमी करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. थवा उडवून फोटो घेण्यासाठी बोट थव्यात घालायला सांगणारे, टाळ्या वाजवणारे, खडा मारणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याचा मला मनापासून संताप येतो. मार्च-एप्रिलमध्ये गॉडविट, स्टिंट आणि त्यांचे सोबती उत्तरेच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. भरतीमुळे चरायला मिळणारे तास आधीच मोजके असतात, आणि प्रत्येक निष्कारण उड्डाण त्या साठ्यातून वजा होते. इंजिन बंद करून थांबायला सांगा, बोटवाले ते आनंदाने करतात. थांबलेल्या बोटीजवळ पक्षी स्वतःहून येतात.

सुट्टीवर ही लेन्स न्यावी का? माझे उत्तर होय असे आहे, विशेषतः सुट्टी किनाऱ्यावर असेल तर. नाताळच्या सुट्टीत गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागे कुरव (सीगल) पक्ष्यांचा थवा लागतो, तेव्हा २०० एमएमलाही पक्षी चौकटीत मावत नाहीत, त्यामुळे फोनही पुरतो. कृपया त्यांना वेफर्स आणि कुरकुरे टाकू नयेत. खरे काम आक्षीच्या किनाऱ्यावर असते. वाळूवर पालथे पडून, लेन्सचा पाय एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरलेल्या वाळूवर टेकवून, लाटांच्या कडेला समांतर राहावे आणि हालचाल करू नये. थोड्या वेळाने चिखल्यांची टोळी धावत-थांबत-धावत आपल्या दिशेने येते, आणि डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेल्या फोटोत मागचा समुद्र मऊ निळसर पडद्यात विरतो. लेन्स २.२ मीटरपर्यंत फोकस करते, म्हणून पक्षी फारच जवळ आला तरी अडचण येत नाही. तेवढ्यापुरते मर्यादेचे बटण बंद करावे. गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्यही याच लेन्सच्या आवाक्यातले आहे, कारण तिवरांमधल्या अरुंद पाण्यातून होडी जाते आणि बगळे जवळ असतात. विमानाने जाताना लेन्स हातातल्या सामानातच ठेवावी, आणि देशांतर्गत प्रवासात बहुधा सात किलोंची मर्यादा असते हे गृहीत धरून कपडे दुसऱ्या बॅगेत टाकावेत.

वाळू आणि मीठ यांची काळजी मात्र घ्यावीच लागते. ही लेन्स पूर्ण सीलबंद नाही, आणि झूम करताना पुढची नळी बाहेर-आत होत असल्यामुळे तिच्यावर बसलेला कण आत ओढला जाण्याचा धोका असतो. वाऱ्याच्या दिवशी मी ५०० वरच ठेवून काम करतो आणि नळी आत घेण्यापूर्वी ती मऊ ब्रशने झाडतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने किंचित ओला करून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने बाहेरचा सगळा भाग पुसावा, मग कोरड्या कापडाने. खारी हवा डोळ्यांना दिसत नाही, पण कड्यांच्या खाचांत पांढरी भुकटी जमते ती हीच. जून ते सप्टेंबर लेन्स बॅगेत पडून राहणे सर्वांत वाईट. मुंबईच्या पावसाळ्यात बंद बॅगेतला ओलावा बुरशीला आमंत्रण देतो, आणि काचेच्या आत एकदा जाळे धरले की ते उघडून साफ करण्याचा खर्च मोठा असतो. चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रता राखणारे विजेचे कपाट उत्तम. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा एवढ्यावर भागते. जेलचा रंग बदलला की पुड्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापराव्यात.

नवी घ्यावी की जुनी? ज्यांच्याकडे आधीच निकॉनचा डीएसएलआर आहे, त्यांनी ही लेन्स वापरलेली घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक जण झेड कॅमेऱ्यांकडे वळत असल्यामुळे फोर्टात बोरा बाजाराच्या परिसरातल्या दुकानांत आणि छायाचित्रकारांच्या ओळखीपाळखीत चांगल्या स्थितीतल्या लेन्स मिळतात. झेड कॅमेरा असेल तर एफटीझेड जोडणी लावून ही लेन्स ऑटोफोकससह चालते. पण कॅमेरा आणि लेन्स दोन्ही नव्याने घ्यायचे असतील तर १८०-६०० चा विचार आधी करावा. ज्यांना वजनाचीच भीती आहे त्यांनी सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी हातात धरून पाहावी. ती १,९३० ग्रॅमची आहे आणि शेवटच्या टोकाला एफ/६.३ होते. विकत घेण्यापूर्वी थंडीच्या एका शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणणे शहाणपणाचे ठरेल.

वापरलेली लेन्स घेताना दोन्ही बाजूंची झाकणे काढून, छिद्र उघडे ठेवून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका आत मारावा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी कडेकडेने पसरलेली दिसते, धुळीचे सुटे कण चालतात. भाड्याने लेन्स देणाऱ्या एकाकडून आणलेल्या लेन्समध्ये मला हे जाळे घरी आल्यावर दिसले होते, म्हणून आता दुकानातच पाहतो. झूमचे कडे २०० ते ५०० असे सावकाश फिरवून कोठे खरखरते का ते ऐकावे, कारण किनाऱ्यावर वापरलेल्या लेन्समध्ये वाळू प्रथम तेथे बोलते. २०० वरचे कुलूप लावून लेन्स तोंड खाली करून धरावी. नळी घसरता कामा नये. कंपनरोधक चालू करून ५०० ला समोरच्या पाटीवर फोकस धरावा आणि दर्शकातले चित्र क्षणभरात स्थिर होते का ते पाहावे. ट्रायपॉडचे कडे आणि एचबी-७१ हा मूळ हूड (पुढच्या काचेवर आडवे ऊन येऊ न देणारे कडे) सोबत आहे ना, तेही पैसे देण्यापूर्वी तपासून घ्यावे.